पंच

कागद आलाय म्हणे तुला, हुजैफ,
निळ्या शिक्क्याचा.
तीनदा वाचलास
आणि सवयीनं त्याची एक झेरॉक्सही काढलीस.

घाबरू नको, आरोपी नाहीस तू.
बोहोरपट्टीच्या कोपऱ्यावर तुझंच दुकान उघडं दिसलं
आणि हवालदार म्हणाला, चला, दोन मिनिटं.
एवढाच तुझा गुन्हा.
माझी दोन मिनिटं सात वर्षं चालली.

मी तेव्हा भद्रकालीत पिको-फॉल करायची.
रात्रीचे नऊ, दोऱ्याचं टोक ओठांत,
आणि दारात जीप.
बाईची झडती आहे, पंच बाईच हवी.
काझीच्या गढीखाली एक खोली, एक बल्ब,
भिंतीला टेकून ती,
कडेवर मूल, मुलाच्या हातात चमचा.

पाटल्या निघाल्या तांदळाच्या डब्यातून,
जुन्या परकराच्या तुकड्यात बांधलेल्या.
लिहिणाऱ्यानं लिहिलं : पलंगाखालच्या पेटीतून.
पलंगच नव्हता रे त्या खोलीत!
पंचनाम्याला घाई असते,
अर्धा तर तो चौकीतूनच लिहून निघतो.

मी म्हटलं, वाचून दाखवा.
साहेब म्हणाले, ताई, सही करा, लाख थंड होतेय.
म्हटलं, होऊ द्या.
मग खाडाखोड झाली, पेटीवर रेघ, वर 'डबा',
बाजूला माझी इवलीशी सही,
बटणाच्या टाक्याएवढी.

तर पहिली गोष्ट ही :
वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.
दुसरी…
दुसरी आत्ता आठवत नाही, सांगते मागाहून.

सीबीएसजवळच्या कोर्टात
तीन तारखा नुसत्या बाकावर गेल्या.
शेजारी एक म्हातारी बसायची,
पेरूला मीठ लावून अर्धा मला द्यायची.
ती तिची आई, हे कळलं
तेव्हा माझा अर्धा खाऊन झाला होता.
आरोपीच्या घरचं साक्षीदारानं खाऊ नये
असं कुठं लिहिलंय का,
विचारायचं राहूनच गेलं.

मग पुकारा : सिंधू पगार!
पुडकं फोडलं. कागदाच्या पट्टीवर
माझीच सही, शाई जांभळी पडलेली.
आरोपीचे वकील म्हणाले,
पोलिसांकडून काही मिळतं तुम्हाला?
मी म्हटलं, पगार फक्त आडनावात, साहेब.
सगळे हसले, न्यायाधीश सोडून.
टायपिस्टनं टाइप केलं : नाही.

मग त्यांनी विचारलं,
डब्याचं झाकण लावलेलं होतं?

सात वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.
डोळ्यांपुढं तो बल्ब आला, तो चमचा,
आणि फरशीवर उताणं पडलेलं झाकण.
उघडा होता डबा, मी म्हटलं,
आम्ही आत गेलो तेव्हाच.

मागच्या बाकावर साहेबांनी डोळे मिटले.
सरकारी वकील असे बघायला लागले
जसं काही मी फितूर झालेय.
फितूर नव्हते रे.
यांची नाही, त्यांची नाही,
मी त्या झाकणाच्या बाजूची होते.

निकाल?
पंचाला कुणी कळवत नाही निकाल.
पाटल्या तिथं कुणी ठेवल्या ते मी पाहिलं नव्हतं,
आणि पाहिलं नाही ते
मनातसुद्धा पुरं करायचं नाही.
फार अवघड जातं ते, सांगून ठेवते.
मी अजून भांडी घासताना
ते पुरं करायला बघते, आणि सोडून देते.

हां, आठवली दुसरी गोष्ट :
जेवणाचा डबा ने सोबत.
अकराला बोलावतात, चारला पुकारतात,
नाहीतर पुढची तारीख.

आता जा, शटर ओढ.
आणि झोपायच्या आधी, कागद न बघता,
एकदा त्या जागी परत जाऊन ये.
कोण कुठं उभं होतं,
दिवा कुठला होता,
काय काय आधीच उघडं होतं.